नानांचा फोन अपडेट घेत नाही, सॉफ्टवेअर मारायचं का?

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की दिंडोरीला नानांचा ३ वर्षं जुना अँड्रॉइड फोन आहे, ६४ जीबीचा, अपडेट आलंय असं दाखवतो, डाउनलोड पण होतं, पण इन्स्टॉल होताना ८० टक्क्यांच्या आसपास जाऊन अडकतं आणि 'इन्स्टॉल करता आलं नाही' असं येतं, ३ वेळा झालं, आणि जवळच्या दुकानदाराने सांगितलं की सॉफ्टवेअर मारावं लागेल, ८०० रुपये होतील आणि आतलं सगळं जाईल. नाना म्हणतात फोटो जाणार असतील तर अपडेटच नको.

सॉफ्टवेअर मारायची, म्हणजे फोनची सिस्टीम कॉम्प्युटरवरून नव्याने टाकायची (यालाच फ्लॅश मारणं पण म्हणतात), गरज नाही, निदान आत्ता तरी नाही. मी नाशिकला एम. जी. रोडवर २००९ पासून मोबाईल दुरुस्तीचंच काम करतोय आणि असा अपडेटला अडलेला फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा जागा करून, जुनं अर्धवट पॅकेज, म्हणजे अपडेटची उतरलेली फाइल, काढून, नीट नेटवर लावून तो तासाभरात अपडेट होऊन जातो. फ्लॅश मारणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही, आणि फोन कुठल्या पायरीवर अडतोय हे न बघता जो सरळ फ्लॅश मारायला निघतो त्याच्याकडे फोन देऊ नका एवढं मी मनापासून सांगतो.

आणि काहीही करायच्या आधी बॅकअप. हे मी सगळ्यांना सांगतो त्याचं कारण आहे. २०१४ ला देवळाली गावातल्या एक ताई फोन घेऊन आल्या होत्या, अपडेट अर्धवट राहून फोन लोगोवर अडकला होता. तेव्हाच्या फोनमध्ये रिकव्हरी मेनू, म्हणजे फोन नीट चालू होत नसला की दुरुस्तीसाठी उघडतो तो, आवाजाच्या बटणांनी वरखाली करावा लागायचा आणि कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइली, पुसायचा पर्याय आणि सगळा डेटा पुसायचा पर्याय एकाखाली एक असायचे. गर्दी होती, मी घाईत चुकीच्या ओळीवर बटण दाबलं. फोन चालू झाला, पण त्यांच्या वारलेल्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले सगळे फोटो गेले, आणि ते दुसरीकडे कुठेच नव्हते. त्या एक शब्द रागावून बोलल्या नाहीत, नुसत्या खुर्चीवर बसून राहिल्या, ते मला आजही दिसतं. त्या दिवसापासून बॅकअपचं विचारल्याशिवाय मी कुणाच्या फोनला हात लावत नाही.

तर नानांच्या फोनचं आधी हे करा. फोटो-व्हिडिओ लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी करा, बाजारात दोन्हीकडून लागणारा ओटीजी पेन ड्राइव्ह मिळतो तो घेतला तरी चालेल. व्हॉट्सअॅपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर घ्या, फक्त लक्षात ठेवा २०२४ पासून तो बॅकअप गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे ती जागा भरली असेल तर बॅकअप नुसता अडकून बसतो आणि माणसाला वाटतं झाला. शेवटच्या बॅकअपची तारीख उघडून बघा, आजची दिसली तरच पुढे जा. कॉन्टॅक्ट सिमवर नाही तर गूगल खात्यात आहेत ना ते बघा.

त्याच हाताने आणखी एक गोष्ट तपासा, फोनमधलं जीमेल कोणतं आहे आणि त्याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे का. नानांच्या वयाच्या लोकांचं नेहमी असं असतं की फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने पटकन एक जीमेल काढून दिलं, पासवर्ड त्यालाच माहीत, आता तो पोरगा पण तिथे नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून अशी सोय आहे की रिकव्हरीतून फोन रिसेट केला तर चालू होताना तो जुनंच गूगल खातं मागतो, चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून. पण पासवर्ड माहीत नसेल तर मालकाचाच फोन बंद पडतो आणि मग लोक बिल आणि खोकं शोधत फिरतात. फोन चालू आहे तोवर पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवा, सोपं काम आहे.

आता मूळ प्रश्नावर येऊ. अपडेट ही एक गोष्ट नसते, चार पायऱ्या असतात, आधी डाउनलोड, मग पडताळणी, मग इन्स्टॉल, मग रीस्टार्ट, आणि फोन कुठे अडतो त्यावरून रोग कळतो. डाउनलोडलाच अडला तर नेटचं कारण. डाउनलोड पूर्ण होऊन लगेच नाही म्हणाला तर फाइल खराब आली किंवा फोनच्या सिस्टीमला कुणीतरी हात लावलाय. इन्स्टॉल होताना मधेच थांबला, जसा नानांचा, तर सगळ्यात आधी जागेवर संशय घ्यायचा, त्यानंतर बाकीच्यांवर. आणि सगळं होऊन रीस्टार्टला पुन्हा जुनंच व्हर्जन दिसलं तर नवी सिस्टीम चालूच होऊ शकली नाही म्हणून फोन स्वतःच मागे आला असं समजायचं.

मागे आला म्हणजे काय ते सांगतो कारण हे कळलं की भीती जाते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अशी पद्धत आली की फोनमध्ये सिस्टीमचे दोन कप्पे असतात, तुम्ही एका कप्प्यावर फोन वापरत असता तेव्हा अपडेट मागच्या मागे दुसऱ्या कप्प्यात बसत असतं, आणि रीस्टार्ट केलं की फोन नव्या कप्प्यावरून चालू होतो, तो चालला नाही तर जुन्यावर परत येतो. शेतात एक मोटर जळली तर दुसरी जोडून पाणी चालू ठेवतो ना, तसंच. पण दोन पूर्ण कप्पे ठेवायचे म्हणजे जागा खूप जाते, म्हणून २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनमध्ये दुसरा कप्पा कायमचा न ठेवता अपडेटच्या वेळी तुमच्या फोटो-व्हिडिओच्याच जागेतून तात्पुरती जागा घेतली जाते. म्हणजे स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर त्या नव्या सिस्टीमला बसायलाच जागा नाही. काही फोन सरळ सांगतात जागा नाही म्हणून, काही मात्र बरंच पुढे जाऊन नुसतं 'झालं नाही' एवढंच दाखवतात आणि माणूस बिचारा पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये अजून जुनीच पद्धत आहे, फोन रीस्टार्ट होऊन काळ्या स्क्रीनवर पट्टी सरकते, तिथे मात्र पट्टी सरकत असताना फोन बंद करायचा नाही म्हणजे नाही, कितीही वेळ लागू दे.

६४ जीबीच्या फोनचा हिशोब बघा, त्यातले १५-१८ जीबी तर सिस्टीमच खाते, उरलेल्यात नानांचं सगळं जग. द्राक्ष बागायतदारांचे फोन माझ्याकडे भरपूर येतात, निफाड, पिंपळगाव, दिंडोरी सगळीकडून, आणि सगळ्यांचं स्टोरेज एकाच गोष्टीने भरलेलं असतं, व्हॉट्सअॅप ग्रुप. फवारणीचे ग्रुप, हवामानाचे ग्रुप, बाजारभावाचे ग्रुप, नात्यातले ग्रुप, एकच व्हिडिओ पाच ग्रुपवरून पाच वेळा आलेला. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटामध्ये जाऊन मॅनेज स्टोरेज उघडा, तिथे ५ एमबीपेक्षा मोठं सगळं आणि वारंवार फॉरवर्ड झालेलं सगळं वेगळं काढून दाखवतं, तिथूनच पुसा, पण नानांना शेजारी बसवून पुसा, त्यांना कुठला व्हिडिओ हवाय ते तुम्हाला माहीत नसतं. फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सअॅपचं फोल्डर उघडून हाताने पुसू नका, त्यातल्या डेटाबेसेस फोल्डरला हात लागला तर फोनमधला बॅकअप जातो. मग तिथेच मीडिया आपोआप डाउनलोड व्हायचं बंद करून टाका नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

आणि इथे लोक एक चूक हमखास करतात, फोटो डिलीट करतात पण जागा काही वाढत नाही आणि मग म्हणतात फोनच खराब आहे. डिलीट केलेलं आधी गॅलरीच्या कचरापेटीत जातं आणि तिथे साधारण ३० दिवस पडून राहतं, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले असतील तर ६० दिवस. कचरापेटी उघडून ती रिकामी करा तेव्हा खरी जागा मोकळी होते. किती जागा हवी? माझा हिशोब असा की अपडेट जेवढं आहे त्याच्या तिप्पट तरी, आणि मोठं व्हर्जन बदलणारं अपडेट असेल तर १० जीबी मोकळे असल्याशिवाय मी बटणच दाबत नाही.

जागा झाली की आधीचं डाउनलोड झालेलं पॅकेज काढा, कारण ३ वेळा नापास झालेली तीच फाइल चौथ्यांदा पास होईल याचा भरवसा नाही. सेटिंगमध्ये अॅप्सची यादी उघडून सिस्टीम अॅप्स दाखवा म्हणायचं, त्यात सॉफ्टवेअर अपडेट किंवा अपडेटर नावाचं अॅप असतं, त्याच्या स्टोरेजमध्ये जाऊन डेटा क्लिअर करायचा. इथे फक्त त्या अॅपचाच डेटा जातो, तुमचं काही जात नाही. मग फोन एकदा रीस्टार्ट. तारीख आणि वेळ ऑटोमॅटिकवर आहे ना ते बघा, ऐकायला फालतू वाटेल पण तारीख चुकलेली असली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही आणि अपडेट तपासतानाच एरर येतो. मेमरी कार्ड असेल तर बाहेर काढून ठेवा, पण त्या आधी बघा की ते कार्ड फोनच्या आतल्या स्टोरेजसारखं जोडलेलं नाही ना, तसं असेल तर काढायचं नाही, कारण अॅप्स त्याच्यावर असतात.

नेटचं तुमच्याकडे वेगळं असणार. वस्तीवर फायबर नसतं, मग पोराच्या फोनचं हॉटस्पॉट देतात. अँड्रॉइड दुसऱ्या फोनचं हॉटस्पॉट ओळखतो आणि त्याला मोजून मिळणारं नेट समजतो, आणि अशा नेटवर बरेच फोन मोठं अपडेट उतरवायला तयारच होत नाहीत किंवा मधे थांबून बसतात, वर वायफायची खूण दिसत असते म्हणून कुणाला संशय येत नाही. त्या वायफायच्या नावावर दाबून आत मीटर्ड नावाचं सेटिंग असतं ते अनमीटर्ड करा. आणि रोजचा दीड-दोन जीबीचा प्लॅन असेल तर मोठं अपडेट त्यात बसायचंच नाही, दुपारीच डेटा संपतो आणि स्पीड रांगायला लागतो. सरळ नाशिकला कुणा पाहुण्याकडे चांगलं वायफाय असेल तर तिथे रात्री लावा. भाच्याने जाहिराती बंद करायला प्रायव्हेट डीएनएस किंवा व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्या वाटेने नेणारी सोय, टाकून दिलेलं असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा, ते कधीकधी अपडेटचा सर्व्हर पण अडवतं.

बॅटरी ५० टक्क्यांच्या वर हवी आणि चार्जर लावलेला असला तरी फोन उशीखाली किंवा उन्हात नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये फोन आधीच तापलेला असतो, त्यात चार्जिंग, त्यात इन्स्टॉल, मग फोन स्वतःला सांभाळायला काम हळू करतो. पहाटे थंडाव्यात लावा. बॅटरीचं अजून एक, ती थकलेली असेल, म्हणजे ४० टक्क्यांवरून एकदम १० वर येत असेल, तर इन्स्टॉलच्या ताणाने फोन मधेच बंद पडू शकतो. तसं होत असेल तर आधी बॅटरी बदला, मग अपडेट.

एवढं सगळं करून पुन्हा तिथेच अडला तर मग मी दुसरा संशय घेतो. फोन नवा सीलबंद घेतला होता की कुणाकडून वापरलेला? अपडेट बऱ्याचदा पूर्ण सिस्टीम नसते, जुन्या आणि नव्यातला फरक तेवढाच येतो. गोधडीला ठिगळ लावायचं तर भोक ठरलेल्या मापाचंच पाहिजे, तसं फोनमधली सिस्टीम कंपनीने दिली तशीच्या तशी असेल तरच ते ठिगळ बसतं. मधे कुणी रूट केलं असेल, म्हणजे सिस्टीमचं कुलूप तोडून पूर्ण ताबा घेतला असेल, बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणारा प्रोग्रॅम, उघडला असेल, किंवा चीनसाठी बनलेल्या फोनवर दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर चढवून विकलेला असेल तर अपडेट पडताळणीला किंवा इन्स्टॉलला नापास होतं, आणि ते बरोबरच आहे, फोन स्वतःला वाचवत असतो. सॅमसंगच्या फोनवर अशा वेळी सिस्टीममध्ये परवानगीशिवाय बदल झालाय असा मेसेज येतो. असं असेल तर मात्र कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरून टाकणं हाच मार्ग उरतो, त्यात डेटा जाऊ शकतो, म्हणून तर आधी बॅकअप सांगितला. आणि फोन सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीने कामासाठी दिलेला असेल तर ऑफिसचं कंट्रोल अपडेट ३० दिवसांपर्यंत लांबवू शकतं, तिथे त्यांच्या आयटीवाल्यांनाच विचारायचं.

तिसरा संशय, आणि ३ वर्षांच्या स्वस्त फोनमध्ये हा खरा ठरलेला मी पाहिलाय, तो म्हणजे मेमरीची चिपच थकलेली. या फोनमध्ये ईएमएमसी नावाची चिप असते, तिच्यावर लिहायच्या-पुसायच्या फेऱ्यांना मर्यादा असते, आणि स्टोरेज कायम भरलेलं असलं की उरलेल्या थोड्या जागेवरच सगळा मार बसतो. लक्षणं ओळखा, फोन आपोआप रीस्टार्ट होतो, काही फोटो अर्धे करडे दिसतात, मोठी फाइल कॉपी करताना एका ठिकाणी अडकून बसतो, आणि भरपूर जागा असूनही अपडेट दर वेळी बरोबर त्याच टक्क्यावर थांबतं. असं असेल तर अपडेटचा नाद सोडा आणि त्याच दिवशी डेटा बाहेर काढा. अशा फोनवर सॉफ्टवेअर मारलं तर तो पुन्हा चालू होईलच असं कुणी सांगू शकत नाही, ८०० रुपये पण जातात आणि फोटो पण.

कॅशे पार्टिशन पुसायचं पण लोक विचारतात. ज्या फोनच्या रिकव्हरीत तो पर्याय आहे तिथे तो करायला हरकत नाही, त्याने डेटा जात नाही, बऱ्याच नव्या फोनमध्ये तो पर्यायच नसतो. पण माझं वरचं ऐकलंत ना, ओळ दोनदा वाचून मगच बटण. कंपनीचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम असेल, सॅमसंगचा स्मार्ट स्विच आहे तसा, तर तो वापरून अपडेट करणं हे कुठल्याही अनोळखी साइटवरून फाइल उतरवण्यापेक्षा हजारपट बरं.

तुम्ही शेवटी बहिणीच्या आयफोनचं विचारलंय, ते पटकन सांगतो. आयफोन स्टोरेजच्या यादीत उतरलेलं अपडेट दिसतं ते डिलीट करून पुन्हा उतरवा. जागा नसेल तर कॉम्प्युटरला जोडून अपडेट करा, तिथे फोनमध्ये कमी जागा लागते. रिकव्हरी मोडला जावं लागलं तर स्क्रीनवर अपडेट आणि रिस्टोर असे दोन पर्याय येतात, आधी अपडेटच निवडायचं, रिस्टोरने सगळं पुसलं जातं. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागले तर फोन त्या मोडमधून बाहेर येतो, घाबरायचं नाही, पुन्हा बटणं दाबून जोडायचं.

नाना अपडेटच नको म्हणतात त्यात अर्धी भीती हिरव्या रेघेची असेल, अपडेट केलं आणि स्क्रीनवर उभी रेघ आली असं सगळीकडे बोललं जातं. ती रेघ स्क्रीनच्या पॅनेलमधला किंवा त्याच्या जोडणीतला दोष असतो, सॉफ्टवेअर काढून ती जात नाही. आणि नानांच्या फोनचा डिस्प्ले एलसीडी असेल, या किमतीत बऱ्याचदा असतो, तर अमोलेड या दुसऱ्या प्रकारच्या स्क्रीनवाल्यांची ती रेघ यांना येतच नाही. उलट त्याच फोनवर त्यांची बँक आहे, द्राक्षाच्या मालाचे पैसे यूपीआयवर येतात, सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती, दोन-दोन वर्षं जुना ठेवणं मला जास्त धोक्याचं वाटतं. अपडेट झाल्यावर पहिले एक-दोन दिवस फोन थोडा गरम राहील, बॅटरी लवकर उतरेल, आतली अॅप्स नव्याने मांडली जात असतात, ते आपोआप बसतं.

पण अपडेट फक्त सेटिंगमधूनच, हे नानांना समोर बसवून सांगा. व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल, म्हणजे अॅप बसवणारी फाइल, येते, कधी आरटीओ चलन नावाने, कधी पीएम किसान नावाने, कधी 'तुमचा फोन जुना झालाय अपडेट करा' म्हणून, ती उघडली की मेसेज वाचायची परवानगी घेऊन ओटीपी पळवतात. चुकून उघडली तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा आणि बँकेला कळवा, तिथे अर्धा तास पण महत्त्वाचा असतो.

तुम्ही असं करा, या रविवारी बॅकअप आणि जीमेलचा पासवर्ड एवढंच उरका, सोमवारी जागा करा, आणि मंगळवारी पहाटे चांगल्या वायफायवर अपडेट लावा. तरी अडला तर किती टक्क्यावर अडला आणि काय मेसेज आला त्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा, शब्द जसेच्या तसे लागतात मला. मग नानांना घेऊन या इकडे, फोनचं पॅटर्न माहीत असू द्या, बिल असेल तर आणा, आणि केबल आणाल ती डेटा जाणारी आणा, नुसत्या चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला फोन दिसत नाही.